तिसरी कातडी

४ जुलै
सकाळी सिंधीपुऱ्यात रशीदभाईंच्या दुकानातून लॅबसाठी बकऱ्याची कातडी आणली. पोटाकडची, ताजी, बर्फाच्या डब्यात. त्यांचं नेहमीचंच. "मॅडम, कभी मटन भी ले जाओ, हमेशा चमड़ी ही ले जाती हो."

कॉलेजात पोचते तोच प्राचार्यांचं बोलावणं. आत स्वाती बसलेली. देडतलाईची स्वाती महाजन, बी.फार्म.ला माझ्या हाताखाली होती ती. पुण्याहून पीएच.डी. करून आली आणि आता इथेच लागली, असिस्टंट प्रोफेसर म्हणून. उठून पाया पडली. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं हे लिहून ठेवते, कारण ते दुपारपर्यंतच टिकलं.

दुपारी माझ्या टेबलाशी आली. स्टीलची डबी उघडली. आत रुपयाएवढ्या पांढऱ्या चकत्या. "मॅडम, ही माझी कातडी." म्हणजे कातडी नव्हेच. फिल्टर कागदावर चरबीचे पातळ थर चढवलेले, माणसाच्या कातडीत असतात तसलेच, वर सिलिकॉनचा पापुद्रा. म्हणाली, प्रत्येक चकती अगदी सारखी. बकरा नको, बर्फ नको, वास नको.

मी म्हटलं, छान. हातातला बर्फाचा डबा कुठे ठेवावा कळेना.

५ जुलै
काल एक लिहायचं राहिलं. दिवाळीनंतर माझी आणि स्वातीला दिलेली शेजारची, अशा दोन्ही प्रयोगशाळा एक करणार आहेत. मधली भिंत पाडून एकच मोठी लॅब. प्रमुख एकच. प्राचार्य म्हणाले, "सीनियॉरिटी तर आपली आहेच मॅडम, पण काम पण बघावं लागते." बोलताना बघत होते स्वातीच्या डबीकडे.

घरी सतीशला सांगितलं. तो पेपर वाचत म्हणाला, "तूच होशील. दुसरं कोण आहे?" दुसरं कोण आहे ते त्याला माहीत नाही.

१६ जुलै
स्वा. कातडी सोलायला माझ्याकडेच शिकली. चरबी पात्याच्या बोथट बाजूने कशी निघते, केस कापायचे पण वस्तरा लावायचा नाही, नाहीतर कातडीला चरे पडतात आणि औषध त्यातून पळतं. घरी कांदा-लसूण नाही अशी मुलगी. पहिल्या दिवशी नाकाला ओढणी बांधून उभी राहिली होती, पण पातं खाली ठेवलं नाही. तेव्हाच मी स्टाफरूममध्ये म्हटलं होतं, ही पोरगी पुढे जाणार.

म्हणताना वाटलं नव्हतं की पुढे म्हणजे माझ्याही पुढे.

१ ऑगस्ट
कॉलेजात शाळांसाठी प्रदर्शन होतं. आमच्या मुग्धाची अकरावीही आलेली. मी व्हायव्हात अडकले होते. संध्याकाळी घरी आले तर मुग्धा मलाच समजावायला लागली. "आई, बघ ना, काचेची दोन भांडी असतात, एकावर एक. वरच्यात मलम. मध्ये स्किन. खालच्यात गरम खारं पाणी, ते फिरत राहतं. मग मलमातलं औषध स्किनमधून खाली किती उतरलं ते पाण्यात मोजायचं. म्हणजे माणसाला लावायच्या आधीच कळतं. कित्ती सोपं आहे."

मी पोळ्या करत होते. ही मुलगी पोटात होती तेव्हापासून मी हेच करते आहे. कितीदा सांगितलंय तिला. दर वेळी "ईऽ, बकऱ्याची" म्हणून उठून जायची.

"कोणी सांगितलं हे?"
"स्वाती मॅमने. आई, वो कितनी कूल है यार."

पोळी करपली.

१० ऑगस्ट
पोरं तिकडे जातात. माझ्याकडे प्रोजेक्टला दरवर्षी रांग असायची. या वर्षी दोघं आले, आणि त्यातलाही एक आज म्हणाला, "मॅडम, वो स्वाती मॅडम वाले सेटअप पे जगह मिलेगी क्या? घर में मम्मी को बकरे का मालूम पड़ा तो..." मीच त्याचं नाव तिकडे घातलं. स्वा. लगेच आली. "मॅडम, तुम्ही पाठवलंत म्हणून घेते, नाहीतर नाही घेणार." तिचं हे असं वागणं. उद्धट असती तर बरं झालं असतं. उद्धट माणसाचा राग करता येतो.

२१ ऑगस्ट
तिने माझं जेल मागितलं.

माझं जेल. सांधेदुखीचं औषध, त्यात पुदिन्याचं सत्त्व. ते सत्त्व कातडी जरा सैल करतं आणि औषध आत जातं, हा माझा सगळा प्रबंध. बकऱ्याच्या कातडीतून काय सुंदर उतरतं. इंदूरची एक औषध कंपनीही विचारते आहे, माणसांवर चाचणी घेऊ का म्हणून. सासूबाई जाईपर्यंत गुडघ्याला तेच लावायच्या. गुण यायचा म्हणायच्या.

स्वा. म्हणाली, "माझ्या चकतीवर लावून बघू का, मॅडम? तुमच्याइतकं चांगलं जेल माझ्याकडे दुसरं नाही."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. दिलं.

२६ ऑगस्ट
उतरलं नाही. म्हणजे उतरलं, पण जेमतेम. बकऱ्याच्या कातडीतून जितकं जातं त्याच्या पासंगालाही नाही.

तिने हे कुणासमोर सांगितलं नाही. सगळे गेल्यावर दार लोटून सांगितलं. आवाज हळू. "मॅडम, बकऱ्याच्या कातडीत केसांची भोकं खूप. कदाचित औषध तिथूनच जात असेल."

मी म्हटलं, "किंवा तुझी चकती पुदिन्याने फुगली असेल. फुगली की वाट बंद. तुझ्या चकतीला घाम येत नाही, स्वाती. ती कधी जिवंत नव्हती."

जरा जास्तच बोलले. तिने चकती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "तेही असू शकतं. माझं चुकत असेल. माणसाच्या कातडीवर बघितल्याशिवाय दोघींपैकी कुणालाच सांगता नाही येणार."

माझं चुकत असेल. हे वाक्य मला कधी इतक्या सहज बोलता आलेलं नाही. त्याचाही हेवा वाटला. किती गोष्टींचा हेवा करायचा माणसाने.

२७ ऑगस्ट
लक्ष लागत नाही. बकऱ्याची भोकं. सगळा प्रबंध त्या भोकांतून...

१० सप्टेंबर
स्वा.ने अर्ज केला आहे. ऑपरेशनमध्ये काढून टाकतात ती कातडी, पेशंटची संमती घेऊन, चाचणीसाठी मिळावी म्हणून. डॉ. अनघाच्या दवाखान्याशी बोलणं झालं. नाव कळणार नाही, फक्त वय आणि शरीराची जागा. कॉलेजच्या समितीने मंजूर केला. माझीही सही आहे त्यावर. सही करताना प्राचार्य म्हणाले, "देखा मॅडम, आपकी शिष्या." मी म्हटलं, हो.

१८ सप्टेंबर
स्वा.ची आई आली होती देडतलाईहून. केळीचा घड घेऊन थेट माझ्या टेबलाशी. उन्हाने रापलेली, ठणठणीत बाई. "बाई, तुमीनंच घडवलं इले. घरी तर हे पुस्तक सोडून दुसरं काहीच करे ना. मी म्हणे, हिचं कसं होईन. तुमी होत्या म्हणून झालं." माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तिचे तळवे कपाशीच्या बोंडांनी चिरलेले.

स्वा. मागे उभी. म्हणाली, "आये, चल, मॅडमला काम आहे." तिचे डोळे भरले होते की काय, मी पाहिलं नाही.

माझी आई कधी कॉलेजात आली नाही. मी बोलावलंही नव्हतं. बकऱ्याची कातडी बघून ती काय म्हणाली असती.

केळी घरी आणली. मुग्धाने सगळी संपवली.

२९ सप्टेंबर
पोटाचं पुन्हा दुखायला लागलं. मुग्धाच्या वेळचं सिझेरियन, त्या टाक्यांपाशी हर्निया. उभं राहिलं की फुगवटा येतो. किती दिवस पट्टा बांधून काढले. आज लॅबमध्ये वाकले आणि सरळच होता येईना. स्वा.ने धरून बसवलं, पाणी दिलं. "मॅडम, दाखवून घ्या ना आता."

संध्याकाळी डॉ. अनघाकडे. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, तिला माझ्याशी डॉक्टरसारखं बोलणं जमत नाही. "सुनंदा, आता टाळू नकोस. जाळी बसवू. आणि खाली लोंबतंय ते कातडंही काढावं लागेल, नाहीतर टाके धरणार नाहीत."

कातडं काढावं लागेल.

रिक्षात बसले. शनवारा चौकापर्यंत येईतो डोक्यात दुसरं काही नव्हतं.

३ ऑक्टोबर
अनघाला फोन केला. म्हटलं, काढशील ते आमच्या कॉलेजला दे. नाव न सांगता. बाकीच्यांचं जातं तसंच.
तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "तुझ्याच लॅबला? त्या मुलीला?"
"हो."
"तिला सांगणार नाहीस?"
"नाही."
"का गं?"
मी म्हटलं, विज्ञानासाठी. तिने उसासा टाकला. "फॉर्म आहे, सही कर. मला काय. पण तू नीट झोपतेस ना?"

इथे खरं लिहिते, इथे कुणी बघत नाही. विज्ञानासाठी नाही. मला तिला खोटं ठरवायचं आहे. माझं जेल माझ्या कातडीतून जातं, हे मला माहीत आहे. मी ते स्वतःच्या मानेला लावते, हाताला लावते. जातं. माणसाची कातडी माझ्या बाजूने बोलेल, आणि ती तिच्याच हातांनी ते लिहून काढेल. सगळ्यांसमोर. लॅब एक व्हायच्या आधी.

आणि तिला सांगितलं तर ती दया दाखवेल. ते नको.

११ ऑक्टोबर
उद्या ऑपरेशन. कॉलेजात सांगितलं आहे, हर्नियाचं. मुग्धा चिडचिड करते आहे म्हणजे घाबरली आहे. सतीशने रजा टाकली. फॉर्मबद्दल त्याला सांगितलं. पेपर बाजूला ठेवला. म्हणाला, "तुझं आहे, तू दे. पण ज्या कारणाने देते आहेस ते मला नाही पटत." कारण मी सांगितलं नव्हतं. त्याला दिसतं.

१७ ऑक्टोबर
घरी. वाकता येत नाही, हसता येत नाही, शिंकले तर जीव जातो. पोट सपाट आणि अनोळखी.

स्वाती आली होती. मावा-जिलबी घेऊन. मी खाऊ शकत नाही म्हटल्यावर मुग्धाने खाल्ली. दोघी स्वयंपाकघरात चहा करत हसत होत्या. भांडी वाजत होती. मी आत पडल्या पडल्या कान देऊन ऐकत होते, काय हसतात ते. काही कळलं नाही.

जाताना माझी चादर नीट केली. "मॅडम, सँपल आलंय. माणसाचं. पहिलंच."
"हं."
"तुम्ही याल तेव्हाच सुरू करते. तुम्ही नसताना नको वाटतं. डीप फ्रीझरमध्ये आहे, काही होत नाही."

माझा एक तुकडा डीप फ्रीझरमध्ये आहे आणि तो माझी वाट बघतो आहे. अजून ताप आहे, त्यामुळे असलं काहीतरी सुचतं.

९ नोव्हेंबर
दिवाळी कशीबशी झाली. आज पहिला दिवस कॉलेजात. पट्टा बांधून, बसूनच. भिंत पडली आहे. दोन्ही लॅबचा उजेड एक झालेला. एवढी मोठी दिसते ती जागा. प्रमुखाचं पुढच्या सोमवारी ठरणार.

स्वातीने सगळं मांडून ठेवलं होतं. काचेच्या भांड्यांच्या तीन ओळी. एकीत बकऱ्याची कातडी, एकीत तिच्या चकत्या, एक रिकामी. मग फ्रीझरमधली पिशवी काढली. आतली कातडी खारट पाण्यात भिजू घातली. हळूहळू सैल झाली. काचेवर पसरली.

मी पाहिली. आधी वाटलं होतं, ओळखू येणार नाही. आली. रेषा. मुग्धाच्या वेळच्या, चंदेरी, तापीच्या वाळूवर पाण्याने सोडलेल्या असतात तशा. एका कडेला तीळ.

स्वाती वाकून बघत होती. "पोटाची आहे. वय चव्वेचाळीस लिहिलंय. बघा मॅडम, बाळंतपण झालेली बाई आहे." बोट हवेतच त्या रेषांवरून फिरवलं, लावलं नाही. "या रेषांचा भाग नको घ्यायला. तिथे कातडी पातळ असते." आणि मग पोरांकडे वळून, "ए, हँडल विद रिस्पेक्ट हां. किसी की है ये."

पात्याच्या बोथट बाजूने चरबी काढायला लागली. मी शिकवलं तसंच. मनगट न हलवता. इतक्या हलक्या हाताने की मला कुठेतरी ते जाणवेल असं वाटलं. जाणवलं नाही. बरं, टाके मात्र ओढत होते.

पोरं विचारत होती, मॅडम, आपको चक्कर आ रहा है क्या. म्हटलं, ऑपरेशन झालंय, जरा बसते.

१२ नोव्हेंबर
आकडे आले. स्वातीने स्वतः वाचून दाखवले नाहीत, कागद माझ्या पुढे सरकवला.

माझं जेल माणसाच्या कातडीतून उतरतं. पण थोडं. बकऱ्याच्या कितीतरी खाली. तिच्या चकतीच्या जरासं वर. जरासंच. पुदिना काहीतरी करतो, पण मी म्हणत होते तेवढं नाही.

म्हणजे माझीच कातडी तिच्या बाजूने उभी राहिली. भर लॅबमध्ये. आणि मीच ती दिली.

घरी येऊन न्हाणीत आरशासमोर उभी राहिले. टाक्यांची आडवी रेघ, लालसर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. खूप राग आला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. स्वातीचा म्हणावा तर तिने काय केलं. सासूबाईंचा गुडघा आठवला. त्यांना खरंच गुण यायचा, की मी रोज जवळ बसून चोळायचे म्हणून त्या तसं म्हणायच्या?

१३ नोव्हेंबर
एक मात्र आहे. ते जेल तसंच माणसांवर गेलं असतं, बकऱ्याच्या भरवशावर, तर लोकांनी लावलं असतं आणि दुखणं तसंच राहिलं असतं. इंदूरला फोन करून कळवलं, थांबा. तिकडचा माणूस म्हणाला, कोई बात नहीं मॅडम. इतक्या सहज. इतकी वर्षं आणि कोई बात नहीं.

स्वाती म्हणते, पुदिना सोडायचा नाही. प्रमाण बदलून बघू, दोघी मिळून. तिची चकतीही अजून थोडी कमीच दाखवते, तीही सुधारायला हवी. "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात ना, फुगते. थोडी फुगतेच. मी मोजलं." हे तिने प्राचार्यांसमोर सांगितलं. तिला गरज नव्हती.

मी "बघू" म्हटलं. आतून अजूनही सुटलेलं नाही. तिच्या लिहिण्याचं अक्षर सुंदर आहे, त्याचाही त्रास होतो.

१५ नोव्हेंबर
रविवार, तरी गेले. स्वाती होतीच. सोमवारबद्दल दोघीही बोललो नाही. प्राचार्य काल दोघींशी वेगवेगळं गोड बोलले आहेत, एवढंच कळतं.

एक तुकडा उरला आहे. ती तो परत पिशवीत घालत होती. पिशवीवरचा आकडा पुन्हा एकदा पुसून नीट लिहिला. माझ्याकडे पाठ होती.

"मॅडम, डॉ. अनघा तुमच्या ओळखीच्या आहेत ना?"
"हो. शाळेतली मैत्रीण."
"त्या बाईंचं नाव नको मला. पण त्यांना निरोप देता येईल का? की खूप उपयोग झाला म्हणून."
"देता येईल."

फ्रीझरचं दार लावलं. तरी ती वळली नाही. हात दारावरच ठेवून उभी. बाहेर कुठेतरी यंत्रमाग चालू होते, रविवारचेसुद्धा.

"आणि एवढं विचाराल का," म्हणाली, "की अजून दुखतं का त्यांना."

मी खुर्चीचा हात धरून बसले होते. म्हटलं, विचारते.